तळटीपा उडवलेला अंक

प्रिय सर,

तुमच्या स्मृतीचा अंक परवा छापून आला. हातात घेतला आणि किळस आली. हे बोलू कुणाजवळ? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

बारा वर्षं कॉलेजचं संशोधनाचं नियतकालिक आपण दोघांनी काढलं. तुम्ही संपादक, मी बीडच्या प्रेसमध्ये पानं लावणारी. पुस्तकाएवढा डेमी आकार, बारा पॉइंटचा टाइप, ऐसपैस समास. "सुनीता, वाचणाऱ्याचा अंगठा अक्षरावर येता कामा नये," म्हणायचात. किती वैताग आणायचात हो! एका तळटीपेपायी अख्खं पान परत लावायला लावायचात.

आता संपादक नवे. आकार ए-फोर, दोन रकाने, नऊ पॉइंट. पानाला मुंग्या लागल्यात जशा! का, तर प्राध्यापकांना बढतीला लेख लागतात, ते कोंबायचे. वाचतंय कोण? पहिली सहा पानं मात्र गुळगुळीत, रंगीत, पुढाऱ्यांच्या फोटोंची. तुमचा फोटो सातव्या पानावर, तिकिटाएवढा. शी!

तुमचा शेवटचा लेख, लिंबागणेश गावच्या जात्यावरच्या ओव्यांचा, दोन पानं जास्त होत होता. संपादक म्हणाले, "तळटीपा उडवा."

"त्यात ओव्या सांगणाऱ्या बायकांची नावं आहेत," मी म्हटलं.

"त्या थोड्याच वाचणारेत?"

आणि मी उडवल्या. खरी किळस माझीच येते मला. हातसुद्धा अडखळला नाही!

आज सकाळी त्यातल्याच गयाबाई प्रेसवर आल्या. नातीनं अंक वाचून दाखवलेला. "बाई, सर म्हणले व्हते नाव येईल. कावून न्हाई आलं?"

"मी काढलं, मावशी."

"आसंल, जागा पुरली नसंल," म्हणाल्या. रागवायचं होतं हो त्यांनी!

त्यांना बसवलं. जुनी फाइल उघडून लेख डेमीत लावला, नावं जिथल्या तिथं. प्रेसचे मालक म्हणाले, "कॉलेजचं काम जाईल." म्हटलं, "जाऊ द्या. तसला अंक मी पुन्हा लावणार नाही."

पानं निघाली. गयाबाईंना त्यांचं नाव दाखवलं, तर विचारतात, "कौसाबाईचं बी हाय ना? लई गोड गळा व्हता. औंदा गेली."

होतं, सर.

उद्या लिंबागणेशला जाते. प्रत्येकीच्या घरी प्रत देईन, कौसाबाईच्याही. आणि कुणाचं नाव उडवायला माझा हात पुन्हा चालणार नाही, हा शब्द.

तुमची,
सुनीता