अंगात आलेले आबा आणि साखरखेर्ड्याची कौतिका

मु. पो. अमडापूर

ती. सौ. पुष्पांजलीताईस,

धाकट्या शालिग्रामचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि या खेपेला हे वाक्य मी रिवाज म्हणून नाही, छातीवर हात ठेवून लिहितो आहे. नाशिकला दाजींची कंबर कशी आहे? (त्यांना म्हणावं, आता तरी त्या जुन्या स्कूटरला किक मारणं सोडा.) फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण आई हल्ली माझा प्रत्येक फोन स्पीकरवर टाकायला लावते, आणि ही हकिकत तिच्यादेखत सांगण्यासारखी नाही.

आईच्या मोतीबिंदूचं तुला ठाऊकच आहे. पण तो किती वाढला होता ते मी तुला सांगितलं नव्हतं. फाल्गुनातल्या लग्नात तिने नवरदेव समजून बँडवाल्याला आहेर केला. (त्याचा कोट नवरदेवापेक्षा भारी होता, हेही खरं. त्याने बिचाऱ्याने वाकून नमस्कार केला.) डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी उशीर केलात तर उजव्या डोळ्याची नजर जाईल. मी तर घाबरूनच गेलो. पण ऑपरेशनचं नाव काढलं की आईचं एकच उत्तर, "तुया आबाले इचारल्याबिगर मी डोयाले हात लावू देनार नाई." आता आबा गेल्या पावसाळ्यात आपल्याला सोडून गेलेले. त्यांना विचारायचं कुठे जाऊन?

मग मला एक युक्ती सुचली. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, आपण गेलेल्या माणसाच्या वयाचा कोणी पितर म्हणून पाटावर बसवतो, त्याला पोटभर जेवू घालतो, त्याचं पोट भरलं म्हणजे आपल्या माणसाचं भरलं. यंदा मी मुद्दाम अर्जुनरावांना बोलावलं. यात्रेत दरसाल ज्यांच्या अंगात येतं, तेच ते. (अंगात आलं की ते आधी चष्मा काढून खिशात ठेवतात, हे तू लहानपणी पाहिलेलं आहेस.) त्यांना म्हटलं, जेवण उरकलं की आबांना अंगात येऊ द्या आणि ऑपरेशन कर म्हणून आईला हुकूम सोडा. ते म्हणाले, "पुन्याचं काम हाये, कराच लागते."

मला काय माहीत, की साखरखेर्ड्याच्या गोविंदाने त्याच दिवशी संध्याकाळच्या पंगतीला त्यांना असंच काम देऊन ठेवलं होतं! त्याचेही वडील गेलेले, आणि त्याची आई त्यांची लाडकी म्हातारी म्हैस काही केल्या विकू देत नव्हती. तेव्हा वडिलांनी अंगात येऊन विक म्हणावं, असा त्याचा बेत. म्हणजे बघ, अंग एक, पितर दोन, आणि वरून आमरसाच्या वाट्यांवर वाट्या.

अर्जुनराव पोळ्या चेपून तृप्त झाले. चष्मा खिशात गेला. अंग घुमायला लागलं. आई पदर सावरून, हात जोडून पुढे सरकली, आणि मी मनातल्या मनात बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचलो. तेवढ्यात पितर गहिवरून बोलले, "कौतिका, माया जीव तुयात अडकला व! साखरखेर्ड्याच्या घरी येऊन तुले सांगून राह्यलो, थे म्हैस इकून टाक!"

ताई, आपल्या घरी म्हैस नाही. कौतिका तर मुळीच नाही. शिवाय आबा हयातभर दर आठवड्याला साखरखेर्ड्याच्या बाजाराला जायचे, आणि पुष्कळदा रिकाम्या पिशवीने परत यायचे. आईने जोडलेले हात सोडले. खरं सांगावं तर माझं कारस्थान उघडं पडणार, न सांगावं तर देवमाणूस बापाच्या नावाला बट्टा लागणार. मी नुसता कुरडईचा तुकडा चावत उभा. आई उठली आणि कडाडली, "शालिग्राम, मले बुलढाण्याले ने. आंधी हे डोये दुरुस्त कर. मंग मले त्या बाईचं तोंड पाह्याचं हाये!"

ऑपरेशन झालं. अगदी छान झालं. पट्टी काढल्यावर आईने आधी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मी केव्हा टकला झालो ते विचारलं. मला रडूच फुटलं, तुझ्यापाशी लपवत नाही. पण मग तिने साखरखेर्ड्याचा हेका धरला, आणि मला तिला न्यावंच लागलं. वाटभर मी आबांची क्षमा मागत होतो.

तिथे कौतिकाबाई दारातच भेटल्या. आईने आपण कोण आणि आपल्याकडचे पितर काय बोलले ते सांगताच त्यांनीही तोंड उघडलं, "बाई, आमच्या घरी पितर आले न् मलेच म्हनते का डोयाचं आपरेशन कर! मी तिथंच सुईत दोरा ओवून दाखवला त्याइले." दोघी अशा हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. माझा जीव भांड्यात पडला. म्हैस अजून तिथेच आहे. अर्जुनराव मात्र माझा फोन उचलत नाहीत.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शालिग्राम

ता. क. : परत येताना आई सहज बोलून गेली, "तुया बापानं मले उभ्या जल्मात नावानं हाक मारली नाई, थो दुसरीले मारीन? थो तुया बाप नोयता, हे मले तवाच समजलं. पन थे कौतिका हाये कोन, थे पाह्याचंच होतं." मग ऑपरेशनला काऊन तयार झालीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "भेव वाटे रे, म्हून मुद्दाम राग धरला. रागात असलं का भेव वाटत नाई."

पुन्हा ता. क. : दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि ती परत घाबरली आहे. आदल्या दिवशी फोन करून तिला कशावरून तरी चांगला सणसणीत राग आणून दे. तुला ते माझ्यापेक्षा फार चांगलं जमतं.