शत्रूच्या डोक्यावरून, चपला हातात घेऊन

तीर्थरूप मामा, वरच्या मजल्यावरून वाकून नमस्कार.

पत्राला एकच जिना उतरायचा आहे, तरी रीत म्हणून विचारते, तब्येत कशी आहे? (खोकला फरशीतून ऐकू येतो.) आमच्याकडे सगळं ठीक. म्हणजे ठीक नाही, त्याबद्दलच लिहायचं आहे.

ताईकडून परतताना आमचं विमान त्या देशावरून आलं, ज्याच्याशी आपलं बोलणं बंद आहे. (आपलं म्हणजे सरकारचं. आपल्या दोन घरांचं वेगळं.) वैमानिकाने तसं जाहीर केलं आणि आईने चपला काढून हातात घेतल्या. आधी मला कळेना. मग आठवलं, तुमच्या दारावरून जाताना ती हेच करते, पाऊल वाजू नये म्हणून. मी म्हटलं, ‘अगं, खाली ऐकू जात नाही.’ तिने तोंडावर बोट ठेवलं, खिडकीची झडप ओढली आणि श्वास रोखून बसली. देश लांबलचक निघाला. तिचा चेहरा पांढराफटक पडला, हवाई सेविका धावली, प्राणवायूची नळी आली, सगळे प्रवासी माना उंचावून बघायला लागले. (त्या वेळीही चपला हातातच.)

इथून पुढे माझा गोंधळ आहे. सेविका म्हणाली, वैमानिकाने खाली कळवलंय, खालच्यांनी धावपट्टी मोकळी ठेवलीय, हवं तर उतरा म्हणतात. मी विचारलं, ‘खालचे म्हणजे शत्रू ना?’ ती म्हणाली, ‘हो. फार सभ्य आहेत. रोजच बोलतो आम्ही.’ मग शत्रुत्व नेमकं कोण करतं आणि केव्हा करतं, हे मला विचारायचं होतं, पण तिला चहा वाटायचा होता. उतरावं लागलं नाही. मात्र हद्द संपेपर्यंत खालून दोनदा विचारणा झाली, बाई आता कशा आहेत. आई म्हणाली, ‘त्यांना काय करायचंय?’ बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘दोनदा विचारलं?’

तुमची गोंधळलेली भाची

ता. क. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, जिना चढताना निम्म्यावर बसायलाच हवं. निम्म्यावर तुमचं दार आहे. ती बसत नाही, उलट नेमका तिथेच श्वास रोखते. दाराबाहेर एक खुर्ची ठेवाल का? बोलायची गरज नाही.

पुन्हा ता. क. आजोबांची वेताची खुर्ची, जिच्यावरून सगळं झालं, ती ठेवू नका. आई मागे उभी राहून वाचतेय हे आत्ता कळलं. म्हणते, ‘ती ठेवली तर उचलून वर आणीन, सांग त्याला.’ शिवाय म्हणते, खोकल्याचं विचार. मी म्हटलं, वर विचारलंय. म्हणाली, ‘परत विचार.’

तर मामा, खोकला कसा आहे?