खडीफोडे हे आडनाव

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग अजून ताजा आहे. दुष्काळात आम्ही उमरीकडून जळकोटला आलो. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागली आणि मी शाळेत नाव घालायला एकटाच तुमच्यापुढं उभा राहिलो. तुम्ही आडनाव विचारलंत. मला सांगता येईना. आमच्यात कुणी आडनावानं हाक मारतच नव्हतं. "माय काय करती सध्या?" "खडी फोडती." "मग खडीफोडे लिवतो," म्हणत तुम्ही हसलात, आणि तुम्ही हसलात म्हणून सगळा वर्ग हसला. मी रडत घरी गेलो तर माय म्हणाली, "मग? फोडतोच की आपण." तिच्या हाताचे फोड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला, रस्त्यांची कामं निघाली आणि मी खडीच्याच धंद्यात शिरलो. आडनाव बदलता आलं असतं. मुद्दाम बदललं नाही. माझ्या खडीच्या क्रशरवरची 'खडीफोडे' अशी हातभर अक्षरांची पाटी तुम्हाला एस.टी.तून जाता-येता बघावी लागायची, हे आठवलं की आजही दोन घास जास्त जातात.

मग तुम्ही गेल्यावर तुमच्या नातीचं माझ्या पोराशी जमलं. तिला घेऊन तुमचा मुलगा लातूरला माझ्या घरी आला, अवघडून बसला. "आमची ना न्हाई. आडनाव तेवढं बदलून घ्या, लोक हसतेत." मी म्हणालो, "लग्न मोडलं तरी चालंल, आडनाव बदलणार न्हाई." माझ्या पोराचं तोंड उतरलं, तरी मी बधलो नाही. तुमच्या घरची लेक खडीफोडे म्हणवून घेणार, याच दिवसासाठी तर ते नाव मी जपलं होतं.

तेवढ्यात ती पोरगी बापाला म्हणाली, "बाबा, हे आडनाव आजोबांनीच दिलंय ना? मग ते आपल्याच घरचं हाय की." झालं! माझा एवढ्या वर्षांचा सूड तिनं तुमचं पुण्य करून टाकला. लई राग आला मला.

आता ती माझी सून आहे. परवा चहा देता देता विचारलं तिनं, "मामा, आजोबा शाळेत कसे होते हो?" तुमच्या त्या हसण्याची गोष्ट अगदी ओठावर आली होती. मी म्हणालो, "अक्षर लई सुंदर होतं त्यांचं."

माफ केलेलं नाही मी तुम्हाला. पण हे पत्र तिच्या हाती लागू देणार नाही.