अक्रोडाखालचा दगड

५ मार्च
परत तेच! केल्तूमनं खालच्या शेतात, अक्रोडापाशी, नकाशात पुन्हा कब्रस्तान काढलंय. मी पुसलं. शंभरदा सांगितलं या पोरांना— उपग्रहाच्या फोटोत दिसेल किंवा जागेवर जाऊन स्वतः पाहाल, तेवढंच नकाशात काढायचं. फोटोत तिथं साधं जवाचं शेत आहे. कब्रस्तान वर, टेकडीवर. मी माराकेशहून फुकट शिकवायला येते ती काय तेच तेच पुसायला? पोरगी सोळाची, हट्ट म्हातारीचा.

६ मार्च
पुन्हा काढलं. पुन्हा पुसलं.

९ मार्च
आज तिला वर्गाच्या तंबूबाहेर घेतलं आणि चांगली झापली. मान खाली घालून म्हणाली, "ताई, तुमचा फोटो भूकंपाच्या आधीचा आहे."

मग सगळं सांगितलं. त्या रात्री टेकडीची वाट ढासळली होती, म्हणून पुरुषांनी गेलेली माणसं खालच्या शेतातच पुरली. बायका दफनाला जात नाहीत— आमच्याकडेही नाहीतच. आणि या गावात कबरींवर नावं लिहीत नाहीत, नुसते उभे दगड. "आईचा दगड कुठला तेच मला ठाऊक नाही. बाबांना विचारलं की उठून बाहेर जातात."

तिच्याबरोबर शेतात उतरले. दगडच दगड. इतके दिवस इथं शिकवतेय, पण खाली कधी फिरकलेच नव्हते. शरमेनं मान वर होईना.

१० मार्च
आमच्या गटाचा म्होरक्या जवाद, त्याला फोन केला. म्हणाला, नव्या घरांचा आराखडा आपल्याच नकाशावरून झालाय, त्या शेतातून रस्ता जाणार आहे, ईदनंतर बुलडोझर येतोय. "मोकळं दिसलं म्हणून आखला त्यांनी."

मोकळं कुणी केलं? मी!

लगेच पोरांना घेऊन निघाले. हातात फोन धरून शेताच्या कडेकडेनं चाललो, एकेका दगडाचा फोटो घेतला. संध्याकाळपर्यंत नकाशावर कब्रस्तान होतं. आता बघू कोण पुसतंय!

२२ मार्च
रस्ता वळवला!! रमजानचे रोजे, पोट उपाशी, तरी पोरांनी तंबू डोक्यावर घेतला. केल्तूम मात्र म्हणाली, "कब्रस्तान मिळालं, ताई. आई कुठं मिळाली?" ईदला सगळे आपापल्या माणसाच्या कबरीवर पाणी घालतात, सुके अंजीर वाटतात. "मी काय, मधेच कुठंतरी ओतू?"

तंबूमागं जाऊन रडले.

३० मार्च
शेवटी तिच्या वडिलांना मीच गाठलं. हम्मू खेचराचं खोगीर आवळत होता.
"हम्मूदादा, पोरीला एकदा दगड दाखवा की."
"तुम्ही तुमचे नकाशे करा, बाई."
एवढंच! असा संताप आला— दगड झालाय नुसता माणूस. पण मी निघाले तरी त्याचा हात खोगिराच्या पट्ट्यावर तसाच होता.

८ एप्रिल
हम्मू आला! आपणहून. केल्तूमला घेऊन शेतात उतरला, जरा घुटमळला, मग अक्रोडाखालच्या दगडाशी जाऊन उभा राहिला. "हीच तुझी आई."

ती खाली बसली आणि दगडाला गाल लावला. रडता रडता बोलत राहिली— शेळी व्याली, धाकटा आता एकटा झोपतो, मी नकाशे काढते. हम्मू आमच्याकडं पाठ करून उभा होता. मग तिनं नाक पुसलं, फोन काढला, आमच्या वर्गाच्या नकाशावर टिंब ठेवलं आणि आईचं नाव घातलं, रक्किया.

"तपासून पक्कं करा, ताई. आता पुसायचं नाही हं!"

१० एप्रिल, ईद
पाणी घातलं तिनं. मला ओंजळभर अंजीर दिले. हसत होती.

११ एप्रिल
टिंब पक्कं करायला बसले होते, तर हम्मू तंबूच्या तोंडाशी. आत येईना.

"पाहिलेलं तेवढंच मांडता ना तुम्ही? मग ऐका. त्या रात्री डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं. कोण कुठं ठेवलंय, आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. सावलीतला दगड बघून मी तोच सांगितला. रक्कियाला ऊन सोसायचं नाही."

मी टिंब पक्कं केलं.

बाहेर गावातल्या बाकीच्या मुली हम्मूसाठी थांबल्या होत्या— आपापल्या आईचा दगड विचारायला.