सुखाची सरासरी

४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी शाळेचा सुखमापन-प्रमुख. हेडबाईंनी स्टाफरूममध्ये नजर फिरवली, तेव्हा मान खाली न घातलेला मी एकटाच सापडलो. याला नेतृत्व म्हणतात. इतकी वर्षं भूमिती शिकवली, मुलांचं सुख मोजणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. संकल्प: वर्षअखेर सरासरी पाचपैकी साडेचार.
लेक डबा तसाच परत आणते, जरा बोला तिच्याशी, असं बायकोचं म्हणणं. लेक माझ्याच शाळेत, नववीत. रविवारी बोलायचं.

७ नोव्हेंबर, गुरुवार
पहिला सर्व्हे. सरासरी दोन पूर्णांक एक. मुलांना प्रश्नच कळले नाहीत. शिवाय पेन्सिली बोथट. हेडबाईंचा चेहरा पाहवेना. नवा नियम काढला: तीनच्या खाली आकडा दिला की पालकांना शाळेत बोलावणार. समुपदेशनासाठी हं, धाक म्हणून नाही.

१० नोव्हेंबर, रविवार, दुपार
लेक दाराशी येऊन उभी राहिली. बाबा, वेळ आहे का, म्हणाली. मी प्रश्नावली सुधारत होतो. ‘तुमचं ऐकून घेणारं कोणी आहे का?’ इथे अडलो होतो. पाच मिनिटं थांब म्हटलं. मान वर केली तर गायब. हल्लीच्या मुलांना धीर म्हणून नाही. प्रश्न मात्र फर्मास जमला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
चार पूर्णांक सहा! आठवड्याच्या आत एवढं सुख!
फक्त एका कागदावर सगळीकडे एक. लेकीच्या. वर्गात उभं केलं, नियमाप्रमाणे पालकांना घेऊन ये म्हटलं. त्यांना वेळ नसतो सर, म्हणाली. (शाळेत मला सरच म्हणायचं, हाही माझाच नियम.) वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. पद म्हटलं की शिस्त आली. घरच्या माणसाला झुकतं माप नको, म्हणून तिचा कागद हिशेबातून काढून टाकला. चार पूर्णांक सात.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
हेडबाईंच्या हस्ते प्रशस्तिपत्र. घरी दाखवायला धावत आलो तर दाराला कुलूप. बायको लेकीला घेऊन मेहुणीकडे गेली, तिकडच्याच शाळेत नाव घालणार आहेत, असं शेजारच्या काकूंनी किल्ली देताना सांगितलं. चार दिवसांचा रुसवा. रविवारी बोलायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार
आज मुद्दाम वेळ काढून फोन केला. कशी आहेस विचारलं. पाच, म्हणाली. जेवतेस का नीट? पाच. माझी आठवण येते का? पाच, सर.
छान, म्हणालो, आणि सवयीने तिन्ही आकडे मांडून सरासरीसुद्धा काढली. तोवर फोन बंद झाला होता. मग एकाएकी रडू फुटलं. घरी ती मला बाबा म्हणायची.