उभ्या गाडीचं कलम

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे उभ्यानेच घालतो आहे, गोड मानून घ्या). इकडे सगळे ठीक. आईच्या हाताला प्लास्टर आहे, ते ओघाने येईलच. तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? कायदा मंजूर झाल्यापासून उतरलं असेल.

त्या कायद्याचा मसुदा तुमच्या हातचा, हे मी ऑफिसात छाती फुगवून सांगतो. शहरांनी गाड्यांची लेन काढून सायकलींना देऊ नये. द्यायचीच तर तिथे वर्षभर गाड्यांची वाहतूक नव्हती हे सिद्ध करावं. म्हणजे काय, तर न आलेल्या पाहुण्यांची मोजदाद. मी पडलो नगरपालिकेच्या रस्ते खात्यात, तेव्हा आमच्याच रस्त्याचं काम माझ्या गळ्यात आलं (साहेबांना नातीगोती बरोबर कळतात). आमची डावी लेन पुढे भिंतीला थटते आणि भिंतीत जेमतेम सायकल जाईल एवढं फाटक आहे. तिथून गाडी जाणार कुठे? तरी खुर्ची टाकून वर्षभर मोजलं (कंबर तिथेच धरली). एकही गाडी गेली नाही. अहवाल पाठवला. आईने तर सायकलला नवी घंटासुद्धा बसवली.

अहवाल परत. शेरा असा, की लेनमध्ये एक गाडी उभी आहे, आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे उभी गाडी हीसुद्धा वाहतूकच. (ही व्याख्या ज्याला सुचली त्याच्या डोक्याला तोड नाही.) गाडी निळी. चारही चाकं बसलेली, बॉनेटखाली मांजर व्यालेली, काचेवरच्या धुळीत कुणा पोराने ‘मला धुवा’ लिहिलेलं. ते पोरगं आता नोकरीला लागलं असेल. ढकलावी तर हँडब्रेक. उचलून न्यावी तर वाहतुकीला अडथळा आणला म्हणून माझ्यावरच केस. मागच्या आठवड्यात आई सायकलवरून फाटकाकडे निघाली, त्या गाडीला वळसा घालायला उजव्या लेनमध्ये गेली आणि मागून आलेल्या मोटारीच्या आरशाने तिला आडवं केलं. मामा, मला फार राग आला. अजून आहे. आई म्हणते, दादाला कळवू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल.

तब्येतीला जपा. मामींना नमस्कार.

तुमचा (अजून तरी) आज्ञाधारक,
भाचा

ता. क. : निळी गाडी तुमचीच. बदली होऊन जाताना ‘धाकटीला अडीनडीला असू दे’ म्हणून ठेवून गेलात आणि किल्ली खिशात घेऊन गेलात. ती तेवढी कुरियरने पाठवा.

ता. क. २ : अडीनडीचा दिवस येऊन गेला. आईला मी सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेलं. उजव्या लेनमधून, डावीकडे तुमची वाहतूक चालू होती.