पहिल्या ओळीखालचं नाव

सर, तुमचं मराठी टायपिंगचं पॅकेज गेल्या आठवड्यात माझ्याकडे आलं. तुम्ही ते मला दिलं नव्हतंत, म्हणून आधी तुम्हालाच सांगते.

नाशिकच्या कॉलेजातली ती शनिवारची दुपार आठवते. लॅबमध्ये आपण तिघंच, तुम्ही, मी आणि तो मालेगावचा. सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं. ते लिनक्सवर कुणालाही एका कमांडमध्ये बसवता यावं म्हणून आपण फक्त त्याची कृती, म्हणजे पॅकेज, लिहायची, आधी काय काय लागेल ते त्यात नोंदवायचं आणि नवी आवृत्ती आली की दुरुस्त करत राहायचं. पगार नाही, कुणी थँक्यूही म्हणत नाही. मला ते फार आवडलं होतं. माझं पहिलं पॅकेज तासाभरात तयार, त्याचं अजून चालूच. तुम्ही माझं घेता आणि कोऱ्या मशीनवर चालवून बघता. बसतच नाही. त्याला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कोडचा तुकडा, माझ्या कॉम्प्युटरवर आधीपासून होती, म्हणून मी ती नोंदवलीच नव्हती. "तुझ्या मशीनवर चालतं, ते कळलं. लोकांच्या घरी तू जाणार आहेस का?" आवाज शांतच होता तुमचा. तो मात्र कुणी न सांगता सुरुवातीपासून कोऱ्या मशीनवरच बसला होता. तुम्ही त्याच्याकडे ज्या कौतुकानं पाहिलंत, ते मी पाहिलं. तेव्हापासून तो मला डोळ्यांसमोर नकोसा झाला.

पुढे तुमच्या आजारपणात तुम्ही हे टायपिंगचं पॅकेज त्याला दिलंत. मला म्हणालात, "तू त्याला मदत कर." मी काय केलं सांगू? नवी आवृत्ती आली रे आली की त्याच्या पॅकेजवर सगळ्यांना दिसेल अशी 'जुनं झालंय' ही खूण करायचे. अंबडला नोकरी लागली, लग्न झालं, तुम्ही गेलात, तरी करत राहिले. जळत होते, दुसरं काही नाही. तो दर वेळी लिहायचा, "कळवल्याबद्दल आभार." त्यानं मी आणखीच चिडायचे.

आता वडिलांचे लूम बघायला तो मालेगावला परतलाय. त्याचाच फोन आला. "तूच घे आता. सर गेल्यापासून एवढं लक्ष दुसऱ्या कोणी ठेवलंय त्याच्यावर?" टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

फाइलच्या पहिल्या ओळीत सांभाळणाऱ्याचं नाव, त्याखाली आधीच्या सगळ्यांची, ही आपल्या पॅकेजवाल्यांची रीत. मी वर माझं लिहिलं, खाली तुमचं. त्याचं लिहिलं नाही. काल त्याचा मेसेज आला, "माझं नाव राहिलं वाटतं. असू दे, घाईत होतं असं."

मी उत्तर दिलं, "हो, राहून गेलं."

राहून गेलं नव्हतं, सर. त्याला हे सांगवत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. आणि नाव मी अजूनही टाकलेलं नाही.